जोगेश्वरी मेकचा पट्टा

अण्णा, तुम्ही गेलात त्याला आज सतरा दिवस झाले. तेरावं आटोपल्यावर चाळीच्या पटांगणात तुमच्यासाठी शोकसभा झाली. सेक्रेटरी उठून म्हणाले, "अण्णा म्हणजे शांत, अबोल माणूस. कुणाच्या अध्यात ना मध्यात." मी मागे बायकांत बसले होते. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, कोण अबोल? या माणसाने माझ्याशी चामड्याच्या एका पट्ट्यावरून तीन वर्षं वाद घातला, आणि तो अजून मिटलेला नाही. पण सासऱ्याच्या शोकसभेत सुनेने असं उठून बोलायचं नसतं म्हणे. म्हणून गप्प बसले आणि आता लिहिते आहे.

मी या घरात आले तीच मुळी बंदूक घेऊन. कॉलेजात नेमबाजी शिकले, बक्षीस मिळवलं, तेव्हा मुलुंडच्या माझ्या बाबांनी कौतुकाने ती एअर रायफल घेऊन दिली होती. छऱ्याचीच, पण दस्ता अस्सल लाकडी, तेल पिऊन तांबूस झालेला. लग्नात रुखवताच्या टेबलावर ती लाडवांच्या शेजारी ठेवली होती. तुमच्याकडची माणसं कोकणातली, आम्ही घाटावरचे. सोयरिकीआधीच कुजबूज भरपूर होती, त्यात ही भर. जोगेश्वरीच्या आपल्या चाळीत पुढे सहा महिने तरी माझी ओळख 'बंदूकवाली सून' अशीच होती. तुमचा दिलीप हसून सोडून द्यायचा. आई मात्र हसायच्या नाहीत.

आईंचं म्हणणं मला आजही चूक वाटत नाही. मी अंधेरीच्या कारखान्यात आठवड्याचे सहा दिवस औषधाच्या गोळ्यांची पाकिटं भरणार, उरला एक रविवार. त्याच दिवशी बाजार, त्याच दिवशी धुणं, त्याच दिवशी मासे, आणि सून निघाली बंदूक घेऊन बोरिवलीच्या पुढे, दहिसर नदीच्या अलीकडच्या जुन्या वखारीत. तिथे आमच्या क्लबची रेंज होती. दुसऱ्या वर्षी आईंनी सरळ सांगून टाकलं, "ह्या वर्साक निवडीच्या यादीत नाव इला तर ठीक. नायतर बंदूक माळ्यार." तुम्ही तेव्हा पेपर वाचत होतात. तुम्ही पान उलटलंत, इतकंच.

संघाची यादी चार जणींची. निवडीचा सामना डिसेंबरात. पालथं पडून चाळीस गोळ्या मारायच्या. डावं कोपर जमिनीला टेकवायचं आणि त्याच हाताच्या तळव्यावर बंदुकीचा सगळा भार घ्यायचा. पहिल्या वीस गोळ्या कुणीही मारेल. पंचविसावीनंतर हात थरथरायला लागतो, आणि तिथेच सामना जातो. त्यासाठी पट्टा लागतो. त्याचं एक टोक बंदुकीला पुढे अडकवायचं, दुसऱ्या टोकाचा फास दंडात घालायचा. पट्टा ताणला गेला की भार चामड्यावर जातो आणि हात मोकळा राहतो. ज्यांचं कुणी परदेशात होतं त्यांच्याकडे बाहेरून आणलेले पट्टे होते. मी खाटेच्या नवारीची पट्टी बांधायचे. ती दहाव्या गोळीलाच सैल पडायची.

हे सगळं मी एका सकाळी दिलीपला सांगत होते. तुम्ही गॅलरीत दाढी करत होतात. लग्नाला दीड वर्ष होऊन गेलं होतं आणि तोवर आपलं बोलणं 'चहा ठेवला', 'पेपर आला' यापलीकडे गेलेलं नव्हतं. तुम्ही आत न बघताच विचारलंत, "पट्टो खंय ओढता? वर काय खाली?" मी गोंधळले. म्हटलं, "खाली, अण्णा. आणि थोडा डावीकडे." तुम्ही 'हूं' केलंत आणि तोंड धुवायला गेलात.

गिरणीत तुम्ही पट्ट्यांचं काम करत होतात, एवढंच मला ठाऊक होतं. वर छताखाली फिरणारा लोखंडी शाफ्ट, त्यावरून खालच्या यंत्रांवर उतरणारे चामड्याचे पट्टे, ते कापायचे, जोडायचे, ताणून चढवायचे. गिरणी बंद पडून दोन वर्षं झाली होती. त्या कामाबद्दल तुम्ही कधी बोलत नव्हतात आणि आम्हीही विचारत नव्हतो. दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर गॅलरीतल्या खिळ्यावर लटकणारं तुमचं वस्तऱ्याला धार लावायचं चामडं जागेवर नव्हतं. ते गिरणीच्या पट्ट्याचाच तुकडा होतं, हे मला तेव्हा कळलं. तुम्ही पत्र्याच्या पेटीतून रापी आणि आरी काढून बसला होतात आणि ते चामडं उभं चिरून, सोलून पातळ करत होतात. इतकी वर्षं रोज हाताळलेली वस्तू, आणि विचारलं तर म्हणालात, "ब्लेड मिळता बाजारात."

मग शनिवारी रात्री तो पट्टा ताणायला टांगलात. नवा कापलेला पट्टा वापरात ताणतो, म्हणून तो आधीच ताणून घ्यायचा, हा तुमच्या खात्याचा नियम. वजन म्हणून घरातला वरवंटा. तीन दिवस वाटण बंद. आई रविवारी बांगडे घेऊन आल्या आणि वरवंटा शोधत फिरल्या. तो सापडला आढ्याला, सुनेच्या बंदुकीच्या पट्ट्याला लोंबकळताना. त्या दिवशी आपण सगळ्यांनी बांगडे नुसते मिठात तळून खाल्ले आणि जेवताना कुणीही वर बघितलं नाही.

आता माप. खरं तर माप घ्यायला हवं होतं माझं, मी नेम धरून पालथी पडले असताना. पण सुनेने सासऱ्यासमोर पालथं कसं पडायचं? मी तुमच्यासमोर खुर्चीवरसुद्धा बसत नव्हते. तुम्ही सांगू शकत नव्हतात, मी विचारू शकत नव्हते. एका संध्याकाळी दार ढकलून आत आले तर साठी उलटलेले माझे सासरे लेंगा-बंडीत चटईवर पालथे पडलेले, खांद्याला माझी बंदूक, एक डोळा मिटलेला, आणि दिलीप त्यांच्या दंडाला दोरी गुंडाळून माप घेतोय. मी दारातूनच मागे फिरले आणि नळावर जाऊन पोट धरून हसले.

रविवारी तो पट्टा माझ्या दंडावरून मनगटापर्यंत घसरला. क्लबचे सर म्हणाले, "हे माप कुठल्या पैलवानाचं घेतलंय?" मी खरं ते सांगितलं. सगळी रेंज हसली. हसले मीही, पण घरी येईपर्यंत माझा पारा चढला होता. सामन्याला पाच आठवडे राहिले होते. मी आयुष्यात पहिल्यांदा तुमच्याशी चढ्या आवाजात बोलले. म्हटलं, "अण्णा, दंड तुमचा नाही, माझा आहे. नेम मला धरायचाय." तुम्ही गॅलरीत जाऊन उभे राहिलात.

दोन दिवस तुम्ही पट्ट्याला हात लावला नाहीत. तिसऱ्या दिवशी मी भांडी लावत होते. तुम्ही स्वतः चटई पसरलीत, दोरी आणि खडू घेऊन भिंतीशी बसलात आणि म्हणालात, "पड गो पालथी. आता हंय सून नाय आणि सासरो नाय. तू बंदूकवाली, मी पट्ट्यांचो माणूस." दारात आई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, काय ह्या! सून सासऱ्याम्होरं..." तुम्ही मान न वळवता सांगितलंत, "तुका बघवत नाय तर भायर जा." आई बाहेर गेल्या नाहीत. आत चुलीपाशी गेल्या आणि एक पातेलं जरा जोरातच आदळलं.

मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन खोचला आणि चटईवर पालथी पडले. बंदूक खांद्याला लावली. तुम्ही दोरी माझ्या दंडावर टाकलीत, बोट न लावता खडूने खूण केलीत. "घट्ट?" "थोडं अजून." "आता?" "आता बरोबर." "श्वास घे. सोड. परत बघ." त्या दिवशी माझे डोळे भरून आले होते, अण्णा. तुम्हाला वाटलं मला लाज वाटली, आणि तुम्ही घाईघाईने दोरी गुंडाळलीत. लाज नव्हती ती. लग्न झाल्यापासून या घरात माझं माप काय, असं कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तीन वर्षं वेळ होता आणि सांगितलं नाही.

पट्टा आता दंडात चपखल बसला. पण रविवारी नवीच पंचाईत. माझे सगळे छरे खाली पडायला लागले. काळ्या वर्तुळाच्या खाली, सगळेच्या सगळे. सर म्हणाले, "श्वास चुकतोय." मी श्वास बदलला. म्हणाले, "ट्रिगर ओढतेयस." मी बोट बदललं. काही उपयोग झाला नाही. संध्याकाळी तो पुठ्ठा मी तुमच्यापुढे टाकला आणि म्हटलं, "वाट लागली, अण्णा. माळाच साफ करून ठेवते." तुम्ही चष्मा लावलात. पुठ्ठा उजेडाला धरलात.

"सगळे एकाच जागेर पडले?"

"हो. रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत."

"मगे तुझी चूक नाय," तुम्ही म्हणालात. "चूक करणारो माणूस सगळीकडे चुकता. ही चूक माझी आसा."

तुम्ही कधी एक छरासुद्धा मारलेला नव्हता, आणि आमच्या सरांना दिसलं नाही ते तुम्हाला दिसलं. पट्ट्याची कडी तुम्ही लोखंडी नळीवर बसवली होती. मी आधीपासून म्हणत होते की लोखंडावर नको, लाकडावर घ्या. तुम्ही म्हणत होतात की ओढ लोखंडानेच सोसायची असते. पण या बंदुकीची नळी छरा भरताना बिजागरीवर मोडते, म्हणजे खाली दुमडते. नवा पट्टा खरोखर ताणला जाऊ लागला तसा तो त्या बिजागरीलाच केसभर खाली ओढत होता. तुम्ही नळी मोडलीत, मिटलीत, परत मोडलीत. "शाफ्टाक धरून पट्टो ओढलो तर शाफ्ट वाकतलोच," असं पुटपुटत अर्धा तास बसलात. वादात मी जिंकले होते, पण लाकडाला भोक पाडायचं नाही ही अटही माझीच होती. बाबांनी दिलेल्या दस्त्यावर मला ओरखडासुद्धा नको होता. शिवाय खालच्या बाजूला नळी मोडताना खाली उतरणाऱ्या दांड्याची खाच, तिथे काही बसवायची सोयच नाही.

तोड तुम्ही काढलीत. दस्त्याच्या दोन्ही अंगांना मुळातच एकेक स्क्रू असतो. त्या दोन स्क्रूंखाली तुम्ही दोन छोट्या कड्या घेतल्यात, आणि पट्ट्याचं टोक चिरून त्याची बेचकी केलीत. एक शेपूट उजव्या कडीला, एक डाव्या. दांडा दोघांच्या मधून खुशाल खाली उतरावा. नवं भोक एकही नाही. बेचकी जिथे सुरू होते तिथलं चामडं पुढे फाटू नये म्हणून तुम्ही चामड्याच्या बारीक वादीने जी शिवण घातलीत, ती बघायला दिलीप अंधेरीहून आपल्या फिटर मित्राला घेऊन आला होता. त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "झकास, अण्णा. फॅक्टरीत पण असं कोणी नाय करत." तुम्ही खाकरलात. तुमचं खूश होणं तेवढंच असायचं.

सामन्याला तुम्ही आलात. आमच्या लग्नासाठी शिवलेला कोट घातला होता. वखारीच्या मागच्या बाकावर बसलात आणि लक्ष्याकडे एकदाही न बघता फक्त माझ्या डाव्या दंडाकडे बघत राहिलात. सामन्याआधी एक पंच सगळ्यांची हत्यारं तपासत होते. माझ्या बंदुकीशी थांबले, बेचकी हातात घेतली, शिवणीवरून अंगठा फिरवला. "हा बाहेरचा का? कुठला मेक?" मी उत्तर द्यायच्या आत बाकावरून तुमचा आवाज आला, "जोगेश्वरी मेक." पंचांनी वळून पाहिलं. तुम्ही कोटाचं बटण लावत होतात.

अण्णा, त्या चाळीस गोळ्या मला अजून बोटांवर मोजता येतात. विसाव्या गोळीला मला हात हलका वाटला. पंचविसावीला मी थरथरीची वाट बघत होते, ती आली नाही. तिसाव्या गोळीला शेजारच्या जागेवरची बाई उठून हात झटकू लागली, आणि माझं कोपर जमिनीत रोवल्यासारखं स्थिर होतं. त्यानंतर मला भीतीच वाटेनाशी झाली. माझा हात नव्हताच तो. गिरणीत वर्षानुवर्षं यंत्रं फिरवलेलं चामडं होतं, आणि ते मला सोडणार नव्हतं. शेवटची गोळी मारून उठले तेव्हा मी हसत होते. पुठ्ठे मोजून झाले. चौघींत नाव येणं पुरे होतं. मी पहिली आले.

धावत तुमच्याकडे आले आणि सांगितलं, "अण्णा, पहिली!" तुम्ही विचारलंत, "पट्टो ताणलो काय?"

"नाही अण्णा. सूतभरसुद्धा नाही."

"मगे ठीक," तुम्ही म्हणालात आणि रुमाल काढून चष्मा पुसायला घेतलात. बराच वेळ पुसत होतात. घरी आल्यावर आईंना यादी मी वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "बरा झाला," आणि जेवायला वाढलं. माळ्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

त्यानंतरची तीन वर्षं दर रविवारी बाकावर तुम्ही होतातच. घाटकोपरच्या, मुलुंडच्या, अंधेरीच्या बायका आपापल्या बंदुका घेऊन आपल्या चाळीत यायच्या, चटईवर पालथ्या पडायच्या, आणि तुम्ही खडूने खुणा करायचात. गॅलरीतून डोकावणाऱ्यांना तुम्ही दरडावून पांगवायचात. आणि आपला वाद चालूच होता. तुमचं म्हणणं, चामड्याची गुळगुळीत बाजू आत हवी, यंत्राच्या चाकावरही तीच धरते. माझं म्हणणं, खरखरीत बाजू आत हवी, दंड म्हणजे चाक नव्हे. तुम्ही मला हट्टी म्हणालात, मी तुम्हाला गिरणीवाले म्हणाले, एकदा तर पूर्ण चतुर्थीच्या सणात आपण बोललो नव्हतो. हा वाद तुम्ही असा अर्ध्यावर टाकून गेलात याचा मला राग आहे. मी माझं म्हणणं सोडलेलं नाही, सांगून ठेवते.

तुम्ही गेल्यावर मात्र मी रेंजवर जायचं नाही असं मनाशी ठरवलं. घरात दुःख, चाळीचे डोळे आपल्या दारावर. आणि खरं सांगायचं तर त्या मोकळ्या बाकाकडे पाठ करून पालथं पडायची माझी हिंमत नव्हती. दिलीपलाही सांगून टाकलं, बास झालं आता.

काल रविवार होता. सकाळी मी धुणं भिजवायला घेतलं. आईंनी माझ्या हातातली बादली काढून घेतली.

"आज आयतार. जाऊक नाय?"

"नको, आई. लोक काय म्हणतील?"

"लोकांका मी बघतंय," आई म्हणाल्या. "नाव येऊंदे नायतर नको येऊंदे. तू जा."

मी जागची हलले नाही. तशा त्या आत गेल्या, लुगडं बदलून आल्या आणि चपला घालून दारात उभ्या राहिल्या. सोळा दिवसांपूर्वी नवरा गेलेली बाई, अण्णा, भर चाळीच्या देखत माझ्या पुढे जिना उतरली. वरून कुणीतरी विचारलं, "खंय चाललाव?" त्यांनी मान वर करून मोठ्याने सांगितलं, "सुनेची बंदूक बघूक."

रेंजवर त्या तुमच्या जागेवर बसल्या. तुम्ही दंडाकडे बघायचात, त्या लक्ष्याकडे बघत होत्या. मी चाळीसच्या चाळीस मारल्या, हात थरथरला नाही, आणि आजवरचे माझे सगळ्यात जास्त गुण पडले. परतीच्या वाटेवर रिक्षात त्यांनी विचारलं,

"फुडच्या आयताराक किती वाजता निघाचा?"

मी सांगितलं, "सव्वासातला."

"मगे वाटण मी आदल्या दिवशीच करून ठेवतंय," आई म्हणाल्या.